विमानाची कंट्रोल्स उघडली की दोन सह्या का लागतात

जालन्याहून आलेला प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. चिकलठाण्याहून दिल्लीला जाणारं विमान दोन तास उशिरा सुटलं, कारण सांगितलं नुसतं 'तांत्रिक'. टर्मिनलच्या काचेतून दिसत होतं की पंखाजवळ शिडी लावून एक जण काम करून खाली उतरला आणि मग दुसऱ्याने वर चढून तेच सगळं पुन्हा बघितलं. एकाचं झाल्यावर दुसऱ्याने वेळ कशाला घालवायचा? शिवाय रडरच्या भागांची आणि एअरबसच्या संगणकांची बातमी वाचून धास्ती बसली आहे. हे भाग तपासतात कसे, बदलायचे कधी ते कोण ठरवतं, आणि दोष आहे हे कळल्यावर सगळी विमानं लगेच उभी का करत नाहीत? शेवटी पुतण्याचं म्हणणं: तो वाळूजला सीएनसीवर काम करतो, आणि असला भाग आपण एका पाळीत काढून देऊ, त्याचे एवढे पैसे कसले, असं तो विचारतो.

दुसरा माणूस वेळ घालवत नव्हता. त्या दोन तासांतलं सगळ्यात मोलाचं काम तोच करत होता. कंट्रोल्स वापरून झिजतात, गंजतात, हे आहेच. पण मुंबई आणि हैदराबादच्या हँगरमध्ये उमेदीची वर्षं घालवल्यावर आणि अपघातांचे अहवाल पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझं मत पक्कं झालंय: कंट्रोल सगळ्यात जास्त घात करतं ते नुकतंच कुणीतरी उघडून, दुरुस्त करून बंद केलेलं असताना. त्यामुळे तपासणीबद्दल मी सांगेनच, पण माझा सगळा रोख बदलीवर राहील.

कंट्रोल्स म्हणजे काय, हे पटकन उरकतो. पंखांच्या मागच्या कडेला टोकाकडे एलेरॉन, त्यांनी विमान डाव्या-उजव्या कुशीवर होतं. शेपटीच्या आडव्या भागाला एलेव्हेटर, त्याने नाक वर-खाली होतं. उभ्या भागाला रडर, त्याने नाक डावी-उजवीकडे वळतं. याशिवाय उतरताना पंख रुंद करणारे फ्लॅप आणि स्लॅट, वरचे स्पॉयलर, आणि तोल साधणारं ट्रिम. लहान आणि जुन्या विमानांत पायलटच्या हातापासून या पात्यांपर्यंत पोलादी केबल जाते. मोठ्या विमानांत हायड्रॉलिक अॅक्चुएटर पातं हलवतो. चिकलठाण्याला येणाऱ्या एअरबसच्या ए-३२० सारख्या विमानात तर पायलटची स्टिक विजेच्या तारेवरून संगणकाला सांगते आणि संगणक अॅक्चुएटरला. असे सात संगणक त्या विमानात असतात.

आता तपासणी. केबलची सांगतो, कारण ती हाताने होते आणि तिच्यात फसवायला जागा फार आहे. कंट्रोलची जाड केबल सहसा सात पदरांची असते, प्रत्येक पदरात १९ तारा, म्हणजे एकूण १३३. यातली एखादी तार तुटली तर डोळ्याला दिसत नाही. म्हणून जाड कापड हातात घेऊन केबलवरून सावकाश ओढत न्यायचं, एकदा या बाजूने, एकदा उलट. तुटलेल्या तारेचं टोक कापडाचा धागा पकडतं. उघड्या हाताने कुणी करत नाही; ते टोक सुईसारखं बोटात घुसतं. पण एवढ्यावर भागत नाही. मोटेचा नाडा चाकावर जिथे वळतो तिथेच आधी विरतो, तसं केबलचं आहे. ती तुटते पुलीवर आणि फेअरलीडमध्ये, म्हणजे केबलला वाट दाखवणाऱ्या कड्यांत, आणि नेमका तोच तुकडा पुलीच्या खोबणीत लपलेला असतो. म्हणून कॉकपिटमध्ये जोडीदार बसवायचा, त्याने कंट्रोल एका टोकापर्यंत नेऊन धरायचं, लपलेला तुकडा बाहेर आला की तो बघायचा, मग दुसऱ्या टोकापर्यंत. कॉकपिटमध्ये कुणी नसताना 'केबल बघितली' म्हणणाऱ्याने निम्मीच बघितलेली असते. शंका आली तर केबल ढिली करून हलकीच वाकवायची. आतल्या पदरांत तुटलेल्या तारा असतील तर तिथे उघड्या पडतात.

पुलीसुद्धा बोलते. खोबण एकाच बाजूला झिजली असेल तर केबल सरळ येत नाही, कुठेतरी ब्रॅकेट वाकलंय. केबलचा ठसा एकाच जागी खोल उमटला असेल तर पुली फिरतच नव्हती, केबल तिच्यावरून घासत होती. अशा वेळी नुसती पुली बदलून सही मारणारे असतात. पुली का अडकली ते शोधलं नाही, तर नवीही काही महिन्यांत तशीच होते.

गंज कुठे शोधायचा? टॉयलेट आणि गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) यांच्या खालच्या फरशीत. तिथे पाणी, चहा, नको ते सगळं झिरपतं आणि खालून केबल गेलेली असते. नव्या मुलांना मी आधी तिथेच टॉर्च घेऊन पाठवत असे. वास सहन झाला की बाकी तपासणी सोपी जाते.

आता मराठवाड्याशी थेट संबंध असलेली गोष्ट: उष्णता. विमानाचा सांगाडा बहुतांशी ॲल्युमिनियमचा, केबल पोलादाची. तापमान वाढलं की ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या जवळपास दुप्पट लांबतं. म्हणजे मे महिन्यात विमान लांबतं आणि केबल मागे पडते, ताण चढतो. वर ३५,००० फुटांवर बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास असतं, तिथे उलटं होऊन केबल ढिली पडते. म्हणून केबलचा ताण हा एक आकडा नसतोच. मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे तक्ता असतो, ताण मोजायचा टेन्सिओमीटर लावून त्या तक्त्याशी ताडायचं. परभणी-जालन्याकडच्या ४२ अंशांत उन्हात उभं असलेलं विमान ओढून सावलीत आणलं आणि पाच मिनिटांत ताण मोजला, तर तो आकडा कुणाचाच नाही. पत्रा वेगळ्या तापमानाला, आतली केबल वेगळ्या, आणि भिंतीवरचा थर्मामीटर तिसरंच काही सांगतोय. विमान निवू द्यावं लागतं, कधी काही तास. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही माणसं नुसती बसून आहेत.

ग्रीसचंही तसंच. साधं काम, म्हणून नवख्याला देतात. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचं २६१ क्रमांकाचं एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात पडलं, ८८ माणसं गेली. शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणारा एक लांब पोलादी स्क्रू असतो आणि तो ॲल्युमिनियम-ब्राँझच्या नटमध्ये फिरतो. नट मऊ, कारण झिजायचं तर त्याने झिजायचं, असंच ते योजलेलं. समुद्रातून स्क्रू काढला तेव्हा त्याच्या कामाच्या भागावर ग्रीस नव्हतं आणि नटचे आटे सोलून तारेसारखे त्याला गुंडाळले गेले होते. ग्रीसिंगमधलं अंतर हळूहळू वाढवत ८ महिन्यांवर नेलेलं होतं, आणि तिथे पोचायची झडप इतकी लहान की हात घालून नीट बघताही येत नव्हतं.

त्यातला मला सगळ्यात बोचणारा भाग १९९७ चा आहे. सप्टेंबरमधल्या तपासणीत त्या नटचा प्ले, म्हणजे झिजेमुळे आलेला ढिलेपणा, ०.०४० इंच भरला. हीच मर्यादा होती. मिलिमीटरमध्ये जेमतेम एक, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या मापात सुताचा तिसरा हिस्सा. नट बदला, असं आधी लिहिलं गेलं. तीन दिवसांनी पुन्हा मोजलं, आकडा ०.०३३ आला, आणि विमान सोडलं. एखादं माप मर्यादेवर येऊन टेकतं आणि पुन्हा मोजल्यावर सोयीचं येतं, तेव्हा आधीचं माप चुकलं होतं की नंतरचं, हे मोजणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं. अशा वेळी पहिल्या, वाईट मापावर विश्वास ठेवावा, असं माझं मत. भाग महाग पडेल, पडू दे.

म्हणजे भाग कधी बदलायचा, या प्रश्नाकडे आपण आलोच. तीन वाटा आहेत. काही भागांचं आयुष्य ठरलेलं असतं: इतके तास किंवा इतक्या लँडिंग, मग भाग कितीही नवा दिसो, काढायचा. बरेचसे भाग 'ऑन कंडिशन' असतात: ठरल्या वेळी तपासा, मर्यादेत असेल तर ठेवा. आणि तिसरी वाट म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, ज्याला आम्ही नुसतं 'एडी' म्हणतो. विमानाची रचना जिथे मंजूर झाली तिथली यंत्रणा ते काढते आणि आपल्याकडे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ते पाळायला लावते. एडी आलं की कंपनीला इलाज नसतो. मुदतीत काम झालं नाही तर विमान उडत नाही.

तुम्ही वाचलेल्या दोन बातम्या इथे बसतात. पहिली रडरची. ६ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेत नेवार्कला बोइंगचं एक ७३७ मॅक्स उतरलं आणि धावपट्टीवर धावताना रडरचे पॅडल मधोमध अडकले. कुणाला इजा झाली नाही. शोध घेतला तेव्हा रडरला जोडलेल्या एका अॅक्चुएटरमध्ये दोष निघाला. त्यातलं बेअरिंग कारखान्यातच चुकीच्या पद्धतीने बसवलं गेलं होतं, त्यामुळे बाजू नीट बंद झाली नाही, ओल आत गेली आणि थंडीत गोठली. असे साडेतीनशेहून जास्त अॅक्चुएटर २०१७ पासून बाहेर गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या तपास यंत्रणेने तातडीचा इशारा दिला, ऑक्टोबरमध्ये डीजीसीएने आपल्या ७३७ वाल्या कंपन्यांना सूचना काढल्या.

मग सगळी विमानं का थांबवली नाहीत? कारण हा अॅक्चुएटर रोजच्या उड्डाणाला लागत नाही. दाट धुक्यात विमान आपोआप उतरवायचं आणि धावपट्टीच्या मधोमध ठेवायचं, त्यासाठी तो आहे. तेव्हा सूचनांत हेही होतं की असा भाग असलेल्या विमानांनी धुक्यातलं ते आपोआप उतरणं करूच नये, सरावालासुद्धा नाही. दोष सापडला की आम्ही आधी विचारतो: हा भाग गेला तर विमानाचं काय होईल, आणि हा भाग न वापरता, वेगळ्या पद्धतीने उडता येईल का? येत असेल तर मुदत मिळते. येत नसेल तर 'पुढच्या उड्डाणाआधी' असं स्पष्ट लिहून येतं.

तसं लिहून आलेलं अगदी ताजं उदाहरण म्हणजे तुमची दुसरी बातमी. ३० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेकडे जाणाऱ्या एका ए-३२० चं नाक पायलटने काही न करता खाली गेलं. एअरबसचा निष्कर्ष असा की तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे एलेव्हेटर-एलेरॉनच्या संगणकातला डेटा बिघडू शकतो. २८ नोव्हेंबरला तातडीचा आदेश निघाला. जगभरात सुमारे ६,००० विमानं, भारतात ३३८. बहुतेकांना संगणक बदलायची गरजच पडली नाही, जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं. काहींचा मात्र डबाच बदलावा लागला. शनिवार-रविवारी रात्रभर हँगर जागे होते. विमानं उशिरा सुटली म्हणून लोक चिडले. पण ज्या यंत्रणेला लोक ढिसाळ म्हणतात तिने एवढा ढीग दोन-तीन दिवसांत उपसला, हेही बोललं जावं.

मुदत देणं नेहमी बरोबर ठरतं का? नाही. ७३७ च्याच रडरची जुनी कथा तशी आहे. १९९१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला आणि १९९४ मध्ये पिट्सबर्गजवळ दोन विमानं सरळ जमिनीत गेली. दुसऱ्यात १३२ माणसं होती, एकही वाचलं नाही. रडरचा कंट्रोल व्हॉल्व्ह काढून बेंचवर लावला तर चाचणीत पास. खूप नंतर, अतिशय थंड केलेल्या व्हॉल्व्हमध्ये एकदम गरम हायड्रॉलिक तेल सोडून बघितलं तेव्हा तो अडकला, आणि रडर पायलटने मागितलं त्याच्या उलट दिशेला जाऊ शकतं हे उघड झालं. शेवटी सगळ्या ७३७ ची ती रचनाच बदलायला लावली. भाग चाचणीत पास होणं आणि भाग चांगला असणं, यात अंतर आहे. चाचणीने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भाग आपण होऊन देत नाही.

आता माझ्या मुद्द्यावर. कंट्रोलचा भाग ठरवून, नियमाने, नवा घेऊन बदलला. मग काय होऊ शकतं?

१६ फेब्रुवारी २००० ला कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळ मालवाहू डीसी-८ पडलं. एलेव्हेटरच्या टॅबचा, म्हणजे त्याच्या कडेच्या छोट्या पात्याचा, पुशरॉड (ते ढकलणारी दांडी) सुटला होता. त्याचा बोल्ट नीट अडकवलेला नव्हता, नट फिरून निघाला आणि मग बोल्ट निघाला. तिघं गेले. जिथे बोल्ट फिरू शकतो तिथे खाचांचा नट आणि आरपार स्प्लिट पिन, हा नियम पहिल्या वर्षी शिकवतात. पिनची किंमत विचारूही नका.

८ जानेवारी २००३, शार्लट. बीचक्राफ्ट १९००डी, २१ माणसं. दोन रात्री आधी एलेव्हेटरच्या केबलचा ताण जुळवला होता. काम करणारा या जातीच्या विमानावर ते काम पहिल्यांदाच करत होता, शिकवणारा आणि तपासणारा एकच, आणि त्या दोघांनी मिळून मॅन्युअलमधल्या काही पायऱ्या 'याला लागत नाहीत' म्हणून गाळल्या. टर्नबकल, म्हणजे केबल फिरवून ताणायचा जोड, अशी बसली की एलेव्हेटर नाक खाली करायच्या दिशेला अर्धंच जात होतं. विमान त्यानंतर उडलंही, उतरलंही. त्या सकाळी मागे वजन जास्त झालं, नाक वर गेलं, आणि खाली आणायला एलेव्हेटरच पुरलं नाही. शिकवणाऱ्यानेच तपासायचं, यात जो धोका आहे तो तुम्हाला कुठल्याही वर्कशॉपमधला जुना माणूस सांगेल.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच जातीचं दुसरं विमान. ट्रिमची केबल नवी घातली, पण ड्रमवर उलटी गुंडाळली गेली. पायलटने नाक वर करायला ट्रिम फिरवावं तर नाक खाली. दोघे पायलट गेले. मॅन्युअलमधलं त्या ड्रमचं चित्रच उलटं छापलेलं होतं. म्हणून मी शिकवताना सांगत असे, मॅन्युअल वाचा, आणि मग भाग हलवून तो खरंच तिकडे जातो का ते बघा. चित्रावर भरवसा ठेवून पातं बघायचं सोडू नका.

११ नोव्हेंबर २०१८. पोर्तुगालमध्ये मोठी तपासणी संपवून निघालेलं एम्ब्राएर १९०, आत सहा जण, प्रवासी नाहीत. ही दुरुस्ती एलेरॉनच्या केबलची होती आणि केबल अदलाबदल झाल्या. डावीकडे वळवलं की उजवीकडे. दीड तासावर ते विमान आकाशात लोळत होतं, सोबतीला लढाऊ विमानं पाठवली गेली, दोन प्रयत्न फसून तिसऱ्यांदा ते उतरलं. सगळे वाचले. आणि तारेवरच्या विमानात असं होत नाही म्हणणाऱ्यांसाठी: मार्च २००१ मध्ये फ्रँकफर्टला एका ए-३२० च्या कॅप्टनच्या स्टिककडून जाणारी वायरिंग दुरुस्तीत उलटी जोडली गेली. उडतानाच पंख जमिनीला टेकायला आला. शेजारच्या को-पायलटची स्टिक ठीक होती, त्याने ताबा घेतला म्हणून निभावलं.

या प्रत्येक ठिकाणी भाग चांगला होता. जोडणारा अनुभवी नव्हता असंही नेहमी नाही. जोडलेलं बघायला दुसरे, खरोखर स्वतंत्र डोळे नव्हते, किंवा होते तर त्यांनी पातं बघितलं नाही.

म्हणून तुम्हाला काचेतून दिसला तो दुसरा माणूस. कंट्रोलला हात लागला की स्वतंत्र तपासणी होते. पहिला इंजिनिअर काम करतो, तपासतो, सही करतो. दुसरा, ज्याचा त्या कामात हात नव्हता असा अधिकृत माणूस, पहिल्यापासून बघतो. नीट करणारा कसा करतो ते सांगतो. तो पहिल्याला काहीच विचारत नाही. मॅन्युअलचं पान स्वतः उघडतो. टर्नबकल बघतो: दोन्ही बाजूंना तीनपेक्षा जास्त आटे बाहेर दिसता कामा नयेत, लॉकवायर, म्हणजे ती फिरू नये म्हणून बांधलेली तार, अशी वळलेली हवी की टर्नबकल ढिली व्हायला लागली तर वायर ताणली जाईल. स्प्लिट पिनची दोन्ही पाती नीट मुडपलीत का, बोटाने हलवून बघतो. रिगिंग पिन, म्हणजे कंट्रोल मधोमध धरून ठेवायला घातलेल्या खिळ्या, त्या सगळ्या परत आल्या का, हे पेटीत मोजतो. खिळीला बांधलेली लाल फीत दिसत नाही म्हणजे खिळी काढली, असं धरत नाही. मग एक जण कॉकपिटमध्ये, एक जण पात्याजवळ. 'डावीकडे वळव.' डाव्या पंखाचं एलेरॉन वर, उजव्याचं खाली. दोघं मोठ्याने बोलतात, मानेने होकार देत नाहीत. पायलटची एक जुनी युक्ती मलाही आवडते: स्टिअरिंगवर हात, अंगठे वर. स्टिअरिंग फिरवलं की अंगठा ज्या पंखाकडे कलतो तिकडचं एलेरॉन वर जायला हवं. ज्याने नुकतीच केबल बदलली त्याच्या मनात 'बरोबरच आहे' हे आधीच बसलेलं असतं, म्हणून त्याला उलटं पातंही सुलटं दिसतं. दुसऱ्याच्या मनात ते बसलेलं नसतं, इतकाच त्याचा उपयोग, आणि तो फार मोठा आहे.

दोन्ही सह्या झाल्या की मगच विमान सेवेत सोडल्याचं प्रमाणपत्र. आता चिकलठाण्याचा हिशोब घाला. इथे मोठ्या प्रवासी विमानांच्या जड तपासणीचा हँगर नाही, तो मुंबई, हैदराबाद, नागपूरला. इथे दोन उड्डाणांच्या मधली तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती होते. भाग बाहेरून यायचा असेल, किंवा त्या वेळी अधिकृत इंजिनिअर एकच असेल, तर दुसरी सही येईपर्यंत विमान हलत नाही. तुमचे दोन तास त्यात गेले असावेत. केबिनमध्ये ते 'तांत्रिक' म्हणून सांगतात ते मला पटत नाही. 'एक भाग बदललाय, दुसरा इंजिनिअर तपासतोय' एवढं सांगायला काही जात नाही.

एक गोष्ट जाता जाता. हल्लीची पाती कंपोझिटची, आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळी. तिथे गंज नाही, पण पाणी किंवा हायड्रॉलिक तेल आत शिरून थर सुटतात. २००५ च्या मार्चमध्ये क्युबाहून निघालेल्या एका ए-३१० चं रडर जवळजवळ सगळंच हवेत उडून गेलं. विमान परत उतरलं. अशी पाती नाण्याने किंवा हलक्या हातोडीने ठोकून ऐकतात, आणि शंका आली की अल्ट्रासाउंड. पातं रंगवलं तरी त्याचा तोल पुन्हा मोजावा लागतो. रंगाच्या वजनानेही पातं वेगात फडफडायला लागू शकतं.

राहिला पुतण्या. तुम्ही स्टीलच्या गावचे, तेव्हा हे तुम्हाला लवकर पटेल. मापात बसणारा बोल्ट तो एका पाळीत काढेल, मला शंका नाही. वाळूजच्या मुलांचा हात चांगला आहे. पण माप हा त्या भागाचा लहानसा हिस्सा. पोलाद कोणत्या हीटचं, म्हणजे भट्टीच्या कोणत्या घाण्याचं, उष्मोपचार कोणत्या भट्टीत, त्याचा आलेख कुठे? उच्च ताकदीच्या पोलादाला कॅडमियमचा मुलामा देताना हायड्रोजन धातूत शिरतो आणि भाग वरून धडधाकट दिसत ठिसूळ होतो. म्हणून मुलामा दिल्यापासून चार तासांच्या आत भाग १९० अंशांच्या भट्टीत घालून २३ तास भाजतात. उशीर झाला तर भाजूनही पूर्ण उपयोग होत नाही, आणि बाहेरून कोणताही गेज हे सांगू शकत नाही. २०१९ मध्ये ७३७ च्या स्लॅट पुढे-मागे सरकवणाऱ्या ट्रॅकमध्ये हाच प्रश्न निघाला; जगभरात १३३ जुन्या आणि १७९ मॅक्स विमानांत तसे ट्रॅक असू शकतात म्हणून शोधून बदलायला लावले. तिथे मापं सगळी बरोबरच होती.

आणि कागद नसलेला भाग कुठे नेतो, तेही त्याला सांगा. ८ सप्टेंबर १९८९ ला नॉर्वेहून हॅम्बुर्गला निघालेलं एक कॉन्व्हेअर समुद्रात पडलं, ५५ जण गेले. शेपटीचा उभा पंख धरणाऱ्या बोल्टपैकी काही बनावट निघाले. भागाच्या किमतीतला मोठा वाटा धातूचा नसतो, त्या धातूचा भट्टीपासून विमानापर्यंतचा लेखी इतिहास असतो. तो इतिहास सुटला की आम्ही भाग कपाटात ठेवतो, विमानाला लावत नाही, मग तो कितीही चकचकीत असो.

त्याला या धंद्यात यायचं असेल तर मार्ग आहे. उड्डाणाचा भाग पहिल्याच दिवशी कुणी देणार नाही. हँगरमध्ये लागणाऱ्या जिग, फिक्स्चर, रिगिंगच्या खिळ्या, जॅकचे अॅडाप्टर यांपासून सुरुवात करावी. तिथेही रेखाचित्र आणि मंजुरी लागते, पण दार उघडं आहे. पुढे जायचं तर वर्कशॉपला एएस ९१०० हे विमान उद्योगातलं गुणवत्तेचं प्रमाणपत्र आणि मुलामा, उष्मोपचार यांसारख्या कामांसाठी नॅडकॅप ही मान्यता घ्यावी लागेल. मशीन घ्यायच्या आधी त्याने कागद ठेवायची शिस्त लावून घ्यावी: कच्च्या मालाच्या प्रत्येक तुकड्याला नंबर आणि तो नंबर शेवटच्या डब्यापर्यंत. आणि त्याला स्वतः विमानावर काम करायचं असेल, तर डीजीसीएच्या परीक्षा देऊन मेंटेनन्स इंजिनिअरचं लायसन्स काढावं लागतं. यांत्रिक बाजूसाठी बी-१ ही श्रेणी. अभ्यास आणि हँगरमधला अनुभव मिळून काही वर्षं जातात, घरी पगार यायला वेळ लागतो, हे त्याच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवा.